परतीची हमी

"मला जायची भीती नाही वाटत गं, परत यायची वाटते," असं माणिक एकदा शेवंतीला म्हणाली होती. शेवंतीला ती थट्टा वाटली. ती हसत सुटली आणि हसता हसता तिने बँडेजची घडी विस्कटली.

सत्तावन्न साली मुलुंडच्या एका खासगी इस्पितळात दोघी नर्स होत्या. शेवंती मालवणकडची, फटकळ, रोग्यांना दम देऊन औषध पाजणारी. माणिक उंच, तिशीतली, हलक्या पावलांची. तिचं कपाळ मोकळं, गळा मोकळा. लोकांनी आपापसात तिला विधवा ठरवून टाकलं आणि तिनेही कुणाची समजूत खोडून काढली नाही. विधवेला शोधत कुणी येत नाही. त्या समजुतीच्या आडोशाला ती राहत होती.

एक गोष्ट मात्र शेवंतीच्या लक्षात आली होती. कुणी डॉक्टर हात धुण्यापूर्वी मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवू लागला, की माणिक दाराकडे सरके. नकळत, पाठ भिंतीला लावून.

"काय गो, घड्याळ चावता काय तुका?"

माणिक औषधांचा ट्रे उचलून दुसऱ्या वॉर्डात निघून गेली.

त्या वर्षी अमेरिकेतल्या एका इस्पितळाकडून विचारणा आली. तिकडे नर्सेस पुरत नव्हत्या. कायमचं बोलवावं, तर साऱ्या हिंदुस्थानातून वर्षाला शंभरेक माणसांनाच तिकडे वसायची परवानगी. त्या रांगेत उभं राहणारा म्हातारा व्हायचा. म्हणून तिथल्या इस्पितळांनी दुसरी वाट धरली होती. नर्सने शिकायला यायचं, दोन देशांमधल्या देवाणघेवाणीची पाहुणी म्हणून. एक-दोन वर्षं वॉर्डात राबायचं आणि मायदेशी परतायचं. त्यानंतर निदान दोन वर्षं इथेच राहिल्याशिवाय तिकडे वसायचं नावही काढायचं नाही.

"त्यांना हवेत हात, पण कायदा आत घेतो विद्यार्थी," इस्पितळाचे मुख्य डॉक्टर अनंत राजाध्यक्ष म्हणाले. "मग हातांनीच विद्यार्थी व्हायचं! सिस्टर माणिक, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. तुम्ही जा."

माणिक त्या दिवशी पहिल्यांदा वॉर्डात गुणगुणली. समुद्रापलीकडे एक खोली असेल आणि तिथल्या जिन्यावर वाजणारं पाऊल कुणाचंही असलं तरी तिच्यासाठी नसेल. तिला एवढंच हवं होतं. परत येण्याचं कलम तिने मनात दूर कुठेतरी ढकलून दिलं. आजारी माणूस ऑपरेशनचा दिवस ढकलतो तसं.

पण ते कलम ढकललं जाईना. आधीच्या वर्षी विमला नावाच्या नर्सला व्हिसा नाकारला होता. तिला ना आईबाप, ना घर. ही परत कशासाठी येईल, असं विचारून वकिलातीतल्या साहेबाने तिचे कागद परत केले होते.

"म्हणून आधी विचारतो," डॉक्टर म्हणाले. "तुमचं इथे कोण आहे?"

"कुणी नाही म्हटलं तर?"

"तर विमलाबाईंसारखं होईल. आणि खोटं सांगू नका हं, तिथे शपथेवर बोलायचं असतं."

परक्या सरकारपुढे खोटी शपथ घेतली तर काय करतात, माणिकला माहीत नव्हतं. आणि जे माहीत नाही ते सगळं तिच्यासाठी बंद दारामागचं असे. ती खाली बघत म्हणाली, "नवरा आहे. अंधेरीला. मी पाच वर्षांपूर्वी निघून आले."

डॉक्टरांचा चेहरा उजळला.

"अहो, मग प्रश्नच मिटला! नवऱ्यापेक्षा मोठी हमी कुठली?"

"ते... ते फार कडक आहेत, डॉक्टर."

"कुणाचा नवरा मऊ असतो? आमच्या घरी विचारा!" ते मोकळेपणी हसले. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आयुष्यात शेकडो घाव बघितले होते, पण घाव पडला कसा हे विचारायची त्यांना सवय नव्हती.

"त्यांना कळवू नका," माणिक म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तो त्यांना लाजल्यासारखा वाटला.

पुढचे दिवस तिने कान देऊन काढले. पोर्चमध्ये टांगा थांबला की हातातला ट्रे खाली ठेवून ती खिडकीआडून बघे. आंधळ्या म्हाताऱ्या रोग्याने विचारलं, "बाई, तुमचा हात आज थंड का?" तिला वाटलं, भिंतींनाही आता आपला पत्ता कळला आहे.

सोमवारी दुपारी डॉक्टरांनी तिला बोलावलं. ती खोलीत शिरली. टेबलाशी पाठमोरा माणूस बसला होता. पांढरा इस्त्रीचा सदरा, मानेवर नीट कापलेले केस. तो वळायच्या आधीच तिला कळलं.

"बघा, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीतून तुमचा जुना पत्ता काढला आणि काल मी स्वतः अंधेरीला गेलो," डॉक्टर खुशीत म्हणाले. "मधुकरराव किती समंजस माणूस! तुमच्या परतीची हमी द्यायला तयार आहेत. दोन दुरावलेली माणसं जुळली आणि अमेरिकाही झाली!"

"ये, माणिक," मधुकर म्हणाला. आवाज तोच, मृदू, देवघरातल्यासारखा. "जा तू. खुशाल शीक. मी इथेच आहे. परत आलीस की मी स्वतः बंदरावर न्यायला येईन."

"ऐकलंत?" डॉक्टर म्हणाले. "बसा ना. मी चहा सांगतो." आणि ते उठून शिपायाला हाक मारायला बाहेरच्या व्हरांड्यात गेले.

मधुकर तिच्याकडे बघून हसला. मग त्याने डावा हात टेबलावर टेकवला, उजव्या हाताने मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सावकाश सोडला आणि घड्याळ काचेवर ठेवलं. मग तो सदऱ्याची बाही दुमडू लागला. एक घडी. नीट दाबून. पूर्वी हात उचलण्याआधी दुमडायचा तशीच.

माणिक वळली. व्हरांड्यात डॉक्टर म्हणाले, "अहो, कुठे? चहा येतोय." ती त्यांच्या शेजारून गेली. वॉर्डाच्या दाराशी शेवंती स्वच्छ चादरींचा गठ्ठा घेऊन उभी होती.

"काय गो, कधी जातंस अमेरिकेक?"

माणिकने तिच्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढून त्या चादरींवर ठेवली आणि फाटकातून बाहेर चालू लागली.