चिठ्ठ्यांवरचं अक्षर

वहिनीच्या घरात पाककृतींच्या चिठ्ठ्या कुठे नव्हत्या तेवढंच विचारा. बिस्किटांच्या तीन डब्यांत होत्या, कुकरच्या जुन्या खोक्यात होत्या, पिठाच्या डब्यामागे रबर लावून उभ्या होत्या. तीस वर्षांत त्या कोणाला नडल्या नव्हत्या. नडल्या त्या तिच्या नवऱ्याला, तो निवृत्त होऊन घरी बसल्यावर.

नवरा कचेरीत रेकॉर्डकीपर. छत्तीस वर्षं फायलींना नंबर घालण्यात गेलेली. अशा माणसाला नंबर नसलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवतात. पहिल्या महिन्यात त्यानं घरातल्या किल्ल्यांना नंबर घातले, दुसऱ्या महिन्यात औषधाच्या बाटल्यांना. तिसऱ्या महिन्यात तो ओट्यापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "अगं, या कागदांची एकदा रीतसर नोंद करून टाकतो."

"करा की," वहिनी म्हणाली. "फक्त फ्रीजसमोर उभे राहू नका, दार उघडत नाही."

माणूस कामाला लागतोय, पायात येणार नाही, एवढाच विचार तिनं केला. पुढचे दोन महिने जेवणाचं टेबल चिठ्ठ्यांनी भरलेलं होतं आणि घरचे लोक मांडीवर ताट घेऊन जेवत होते. प्रत्येक चिठ्ठीवर तारखेचा शिक्का बसला, लाल शाईत नंबर पडला आणि ती जाड वहीत चढली. वहीला चार रकाने होते. अनुक्रमांक, पदार्थ, कागद कसला, आणि चौथा, कृती कोणाची.

या चौथ्या रकान्यानं घात केला.

रेकॉर्डकीपरला अक्षर ओळखण्याचा भारी अभिमान. कचेरीत कोणी कोणाच्या नावानं अर्ज खरडला तर याला आणून दाखवायचे आणि हा नुसता 'र' बघून सांगायचा. तीच कचेरीतली विद्या त्यानं घरी चालवली. ज्याचं अक्षर त्याची कृती. हिशेब सरळ आणि त्याच्या मते बिनचूक. दोनशे चौदा चिठ्ठ्यांपैकी एकशे सत्त्याऐंशी त्याच्या आईच्या नावावर लागल्या. अकरा बहिणीच्या, बारा शेजारपाजारच्या. बायकोच्या अक्षरातल्या निघाल्या चार.

आता या एकशे सत्त्याऐंशी चिठ्ठ्या लिहिल्या कशा गेल्या ते ऐका.

त्याची आई शाळेत शिक्षिका. सगळं गाव त्यांना बाई म्हणे, म्हणून सूनही बाईच म्हणते. अक्षर छापल्यासारखं. स्वयंपाकाशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही, आणि त्या ते लपवतही नसत. सून घरात आली तेव्हा इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरीला होती. पहाटे पाचची पाळी, तीनशे ताटं, अर्ध्यांत मीठ नाही आणि उरलेल्यांत तेल नाही. दिवसभर आळणी रांधणाऱ्या सुनेची जीभ घरी आली की सुटायची. ती भोपळ्याच्या सुपात भाजलेला लसूण घालून बघायची, आल्याच्या बिस्किटांत मिरी टाकायची, लिंबाचं लोणचं तेलाचा थेंब न घालता वर्षभर टिकवायची. हात पिठात नाहीतर मिठात. बाई दाराशी स्टुलावर बसायच्या, मांडीवर तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून घ्यायच्या.

"मीठ किती?"

"चिमूटभर."

"कोणाची चिमूट? माझी का तुझी?"

"आता चिमटीला काय दाखला देऊ, बाई? लिहा, पाव चमचा."

असं तीस वर्षं चाललं. सून बोलायची, सासू लिहायची. आल्याच्या बिस्किटांच्या पाठीमागे अजून कुणा पोराचं चुकलेलं गणित आहे.

वहिनीच्या स्वतःच्या अक्षरातल्या त्या चार चिठ्ठ्या कसल्या होत्या? कपड्यांची खळ. गंजाचा डाग काढणं. करपलेल्या पातेल्याचा तळ घासणं. आणि झुरळांच्या गोळ्या. त्या वेळी हात कोरडे होते म्हणून तिनं स्वतः लिहिल्या, एवढंच.

रेकॉर्डकीपरनं वही कृतींसकट टाईप करवून घेतली, स्पायरल मारून चौदा प्रती काढल्या. मुखपृष्ठावर 'बाईंच्या हातचं'. आणि एका रविवारी सगळे नातेवाईक जेवायला बोलावले. जेवण कोणी केलं ते विचारू नका.

प्रती वाटल्या गेल्या तेव्हा वहिनी सूप वाढत होती. नणंद पानं उलटत म्हणाली, "आई, तुझ्या हाताला काय चव होती गं. आम्हाला लहानपणी कळलंच नाही."

कळणार कसं? लहानपणी तिनं जे खाल्लं त्याची तिला आजही जळजळ आठवायला हवी होती. पण पुस्तकात छापून आलं की माणसाची जीभसुद्धा जुनी साक्ष फिरवते.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई आरामखुर्चीत बसून हसल्या. म्हणाल्या, "होती थोडीफार."

वहिनीच्या हातातला डाव वाटीवर आपटला. तेवढ्यात एक भाचा शेवटच्या पानावर पोचला आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, "मामी, तुमचं पण नाव आहे की. झुरळांच्या गोळ्या." सगळे पोट धरून हसले. वहिनीनं चौदा वाट्या भरल्या, कोणाला हवं नको बघितलं, आणि भांडी घासताना एका पातेल्याचा कान तोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप नवऱ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "त्या कृती कोणाच्या आहेत, अहो?"

"वहीत आहे."

"वहीत काय आहे ते मी बघितलंय. मी तुम्हाला विचारतेय."

"अक्षर आईचं आहे."

"तुमचे साहेब सांगायचे, तुम्ही लिहून घ्यायचात. मग हुकूम तुमचा व्हायचा?"

रेकॉर्डकीपर चहा फुंकत थांबला. मुद्दा बिनतोड होता. पण छत्तीस वर्षांची सवय जाते कुठे. "हुकमाखाली साहेबाची सही असते," तो म्हणाला. "तुझ्या चिठ्ठ्यांखाली आहे सही?"

"मी फोडणी देत होते. सही कुठे करू, कढईवर?"

"चिडू नकोस. नोंद बदलायला आधार लागतो. आईनं लेखी दिलं तर मी बदलतो."

तीस वर्षं याच माणसानं दोन्ही वेळा ताटावर बसून तेच खाल्लं होतं. कोण ओट्यापाशी उभं आहे आणि कोण स्टुलावर बसलंय हे त्याच्या डोळ्यांना दिसत होतं. तरी त्याला आधार हवा होता. संताप येणार नाही तर काय होईल?

वहिनी बाईंकडे गेली. बाई खिडकीत पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आपलंच.

"बाई, यांना लेखी हवंय. दोन ओळी द्या, की सांगितलं मी आणि लिहिलं तुम्ही."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी काही खोटं बोलले का?"

"नाही."

"मग?"

"गप्प बसलात. गप्प बसून ताट ओढलंत माझ्यापुढचं."

"अगं, आयुष्यभर सगळे म्हणत आले, बाईंना शिकवता येतं पण चहासुद्धा धड येत नाही. आता शेवटी शेवटी कोणी चार शब्द चांगले बोललं, तर तुझं काय जातंय?"

"माझं एवढंच आहे हो," वहिनी म्हणाली. "इस्पितळात एकोणीस वर्षं रांधलं, ताटावर नंबर खाटेचा. घरी रांधलं, तर नाव तुमचं. मग मी केलं काय इतकी वर्षं?"

"मी चिमटीचा पाव चमचा केला म्हणून ते टिकलं. नाहीतर तुझ्याबरोबर गेलं असतं सगळं."

"ते तुमचं. मी कुठे नाही म्हणते? विचारलं तुम्ही. उत्तर कोण देत होतं?"

बाईंनी पुस्तक मिटलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. शाळेत निरुत्तर पोराला त्या अंगठे धरायला लावत. स्वतःची पाळी आल्यावर मात्र रस्त्यावरची रहदारी बघत बसल्या.

वहिनी स्वयंपाकघरात आली, गॅस बंद केला आणि दोघांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आजपासून माझ्या नावावर आहे तेवढंच मी करणार."

आणि केलं. दुपारपर्यंत घरातल्या सगळ्या चादरींना खळ पडली. रेकॉर्डकीपरचे पायजमे असे कडक झाले की कोपऱ्यात उभे राहतील. गंजलेल्या बिजागऱ्या चकाकल्या, करपलेली पातेली आरसा झाली. कोपऱ्याकोपऱ्यात झुरळांच्या गोळ्या पडल्या. रांधलं मात्र काही नाही. स्वतःपुरते दोन पाव तिनं कोपऱ्यावरून आणले आणि पुढच्या खोलीत बसून खाल्ले.

पहिला दिवस रेकॉर्डकीपरनं फरसाणावर काढला. दुसऱ्या दिवशी फरसाणाची ताटली बाईंनीच परत सरकवली. तिसऱ्या दिवशी मायलेकांनी भोपळा चिरला. बाई स्टुलावर, हातात पुस्तक. मुलगा ओट्यापाशी, अंगाला वहिनीचा एप्रन.

"'लसूण भाजावा. वास बदलला की उतरवावा,'" बाईंनी वाचलं.

"बदलला का?"

"मला काय ठाऊक? आधी कसा होता?"

"तू लिहिलंयस ना, आई."

"लिहिलंय रे मी," बाई म्हणाल्या. "हुंगलं कधी नाही."

लसूण कोळसा झाला. धूर पुढच्या खोलीत गेला. "अगं, जरा वास बघून जा," रेकॉर्डकीपरनं हाक मारली.

"ज्यांच्या नावावर आहे त्यांना बघू दे," वहिनी म्हणाली आणि पंखा वाढवला.

बाईंनी पुस्तक मिटून ओट्यावर ठेवलं. मग त्यांनी मुलाकडे कागद मागितला. त्यानं पाठकोरा दिला तर म्हणाल्या, "पाठकोरा नको. चांगला दे." आणि त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं, की एकशे सत्त्याऐंशी कृती सुनेच्या आहेत, तिनं केल्या, तिनं सांगितल्या, मी फक्त लिहून घेतल्या, आणि गेल्या रविवारी मी गप्प बसले ते चुकलं. शेवटचं वाक्य त्यांनी आधी लिहिलं नव्हतं. वहिनीनं कागद वाचून परत केला, तेव्हा लिहिलं.

रेकॉर्डकीपरला आधार मिळाला. त्यानं लगेच दुरुस्तीपत्रं छापली, चौदा. "पोस्टानं पाठवतो," तो म्हणाला.

"पोस्टानं आलेलं कोणी चिकटवत नाही. रद्दीत जातं. मी येते बरोबर."

दोन दिवस ती दोघं डिंकाची बाटली घेऊन दारोदार फिरली. वहिनी प्रत्येक घरात मुखपृष्ठावर दुरुस्तीपत्र लावून घ्यायची आणि डिंक सुकेपर्यंत हलायची नाही. कोणी म्हणालं, कमाल आहे. कोणी म्हणालं, इतक्या वर्षांनी आता काय त्याचं? तिनं कोणाला उत्तर दिलं नाही. बाटली पुढे केली.

शेवटचं घर नणंदेचं. नणंद दारातच म्हणाली, "एवढ्यासाठी आलीस, वहिनी?"

"एवढ्यासाठीच आले," वहिनी म्हणाली आणि आत जाऊन तिच्याही पुस्तकावर दुरुस्तीपत्र चिकटवून घेतलं.

"बस ना. चहा टाकते. आणि बघ, मी पण घातलंय बरं का, आईचं लोणचं. अजून मुरायचंय, पण दिसतंय अगदी तसंच." तिनं बरणी आणून टेबलावर ठेवली.

वहिनी बसली नाही. "कोणाचं?"

"लोणचं गं. आईचं."

"कोणाचं?"

नणंदेनं भावाकडे बघितलं. भाऊ डिंकाच्या बाटलीचं झाकण लावत होता. मग तिनं पुस्तक हातात घेतलं, ओल्या कागदावरच्या चार ओळी वाचल्या, परत एकदा वाचल्या. बरणीकडे बघितलं.

"तुझं," ती म्हणाली.

"हं. मग तसं म्हणत जा," वहिनी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "दे बघू इकडे, मीठ कमी पडलंय का ते सांगते."