खैरनारांच्या घरचा रातकिडा

बोईसरात भगवंत खैरनारांना नावानं ओळखणारे थोडे, कानानं ओळखणारे फार. "कानवाले खैरनार कुठं राहतात?" असं विचारलं की रिक्षावालाही मुकाट्यानं बिल्डिंगच्या दारात आणून सोडतो. कान दिसायला चारचौघांसारखेच, उलट डावा जरा मुडपलेला. पण तारापूर एमआयडीसीतल्या ज्या केमिकल कंपनीत ते पंप आणि मोटारी सांभाळतात, तिथं त्या मुडपलेल्या कानाचा मान साहेबाच्या सहीपेक्षा मोठा.

त्यांची पद्धत ठरलेली. हातभर लोखंडी सळई घ्यायची, एक टोक चालू पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानापुढच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. नाडी बघणाऱ्या वैद्याचा चेहरा व्हायचा. आजूबाजूची माणसं श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. मग खैरनार सळई पुसत सांगायचे, "आठवडा काढेल. मग बदला." आठवड्यानं बेअरिंग जायचंच. नाही गेलं तर ते बेअरिंगचंच चुकलं, अशी कामगारांची श्रद्धा.

धुळ्याकडून पोती उचलणारा हेल्पर म्हणून आलेला हा माणूस फिटर झाला तो या कानामुळे. दहावीचा गणिताचा पेपर अजून त्यांच्या स्वप्नात येतो, पण कारखान्यात इंजिनिअर त्यांना खुर्ची देतात. त्यामुळे कान गेला तर भगवंतात उरणार काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही मोठ्यानं कधी विचारला नव्हता.

आणि कान जायला लागला होता.

चष्मा लागला तर माणूस चारचौघांत सांगतो, दात पडला तर हसून दाखवतो. पण हलवायाची जीभ मेली तर त्यानं कुणाला सांगावं? गेल्या थंडीत खैरनार कॉम्प्युटरवर गावच्या भजनी मंडळाची जुनी कॅसेट ऐकत होते. वडिलांचा आवाज होता त्यात. कॅसेटवरून उतरवून घेतलेलं भजन, शंभरदा ऐकलेलं. पेटी आली, ढोलकी आली. टाळ आलेच नाहीत. टाळकऱ्यांनी जणू मधूनच उठून जावं. पाठोपाठ स्वयंपाकघरातून बायको, ज्ञानेश्वरी, आली आणि म्हणाली, "अहो, मशीन केव्हाची बोंबलतेय, कपडे झाले म्हणून. बंद तरी करायची."

"भजनात होतो मी," खैरनार म्हणाले. खोटं नव्हतं, एवढंच.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत तर त्यांनी कमालच केली. काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्टी वाजवतात आणि ऐकू आली की बटण दाबायला सांगतात. खैरनारांनी शिट्टी ऐकलीच नाही. काचेपलीकडच्या माणसाचं कोपर हललं की हे बटण दाबत गेले. पास झाले. त्या दिवशी घरी पेढे नेले नाहीत, पण चालीत तो तोरा होता.

मग त्यांनी कॉम्प्युटरवर आळ घेतला. म्हणाले, आतलं साउंड कार्ड फालतू आहे. कमलेशनं नवं बसवून दिलं. हा कमलेश चिंचणीचा, त्याचं स्टेशनजवळच्या गल्लीत कॉम्प्युटरचं दुकान. त्याला हेडफोनचं वेड इतकं, की लग्नाची मुलगी बघायला गेला तेव्हाही गळ्यात एक होता, असं सांगतात. नव्या कार्डानं ढोलकी पोटात घुमायला लागली. टाळ नाहीतच. आळ स्पीकरवर गेला. शेवटी खैरनार कमलेशच्या दुकानात जाऊन बसले.

"चांगला हेडफोन दाखव. बारीकसारीक सगळं ऐकू आलं पाहिजे."

कमलेशचे डोळे लकाकले. "काका, नुसता हेडफोन चांगला असून भागत नाय. तुमच्या कार्डाशी जोडी जमली पायजे. पत्रिकाच बघायची." त्यानं आतून तीन काढले. "यो घाला. तीनशे ओहमचा. आवाज बघाल तर लोणी. पण त्याला ढकलायला दम लागतो, आन तुमच्या कार्डात तेवढा नाय. एका बैलाला दोन बैलांची गाडी."

दुकानातल्या कॉम्प्युटरला तसंच कार्ड होतं, त्यावर सोबत आणलेलं भजन लावलं. पहिल्यातून वडील पलीकडच्या आळीत गात होते. दुसरा चहूकडून बंद होता. घालताच खैरनारांना गोधडीत डोकं घातल्यासारखं झालं. तिसरा त्यांनी हातात फिरवला. त्याच्या पाठीला जाळी होती.

"याची पाठ उघडी हाय," कमलेश म्हणाला. "ओहम कमी, तुमचा कार्ड सहज हाकंल. आवाज मोकळा. पण एक सांगतो, जेवढा आत जातो तेवढाच बाहेर पन जातो. शेजारी बसलेल्याला सगळा ऐकू येल."

"येऊ दे की. मला काय चोरून ऐकायचंय?"

चोरून ऐकायला निघालेल्या माणसाच्या तोंडी असलीच वाक्यं येतात.

त्यांनी पुन्हा भजन लावलं आणि कार्डाच्या सेटिंगमधली टिपेच्या आवाजाची पट्टी हळूहळू पार वर नेली. आणि लांब, दुसऱ्या गावच्या देवळात आरती चालावी तशी, किणकिण आली. टाळ. खैरनारांचे डोळे मिटले. कान मेलेला नव्हता, त्याला नुसता धक्का हवा होता. तेवढ्यात कमलेशनं कौतुकानं हेडफोन मागितला, कानाला लावला आणि विंचू डसल्यासारखा काढून फेकला.

"काका, सुया टोचतात कानात. कसा आयकलात तुमी?"

"तुम्ही पोरं नाजूक," खैरनार हसून म्हणाले आणि तोच बांधून घेतला.

टाळ ऐकू आले तर बेअरिंग का नाही येणार? हा विचार त्यांना रिक्षातच सुचला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सळईसोबत मोबाइलही पंपाला टेकवायला सुरुवात केली. आवाज रेकॉर्ड करायचा, घरी आणायचा, पट्टी वर न्यायची, ऐकायचं. आणि जागच्या जागी निकाल देणारे खैरनार म्हणायला लागले, "उद्या सांगतो."

लोकांना वाटलं, विद्या वाढली. मंगळ्या म्हणून एक कंत्राटी कामगार होता, डोंगरातल्या पाड्यावरचा. पावसात नाचणीची शेती करायचा आणि बाकीचे महिने पंपाशेजारी उभा. तो नव्या पोरांना सांगायचा, "दादा आता घरी नेतो पंपाला. झोपंत आयकतो." सुरुवातीचे दोन-तीन निकाल बरोबरही आले. हाताला लागलेली उष्णता, तेलाचा वास, इतक्या वर्षांचा अंदाज, असं बरंच काही त्यात होतं. खैरनारांनी श्रेय मात्र हेडफोनला दिलं.

इकडे बिल्डिंगमध्ये भलतंच सुरू झालं. दुपारी साडेचारच्या सुमारास, ऊन अजून उतरलंही नाही तोच, रातकिडा ओरडायला लागला. दिवसाढवळ्या. चारही घरांच्या मागच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात, त्यामुळे तो नक्की कुठून ओरडतो ते कळेना. शेजारच्या सुलूवहिनींनी गॅसची शेगडी ओढून पाहिली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी डक्टमध्ये औषध मारलं, त्यात दोन कबुतरं उडाली आणि एक पाल मेली. रातकिडा ठणठणीत. कुणी म्हणालं, वाईट संकेत आहे. कुणी म्हणालं, संकेत वाईट असता तर रोज घड्याळ बघून ओरडला नसता.

"खैरनारभाऊ, तुमच्याकडे येतो का हो आवाज?" सुलूवहिनींनी जिन्यात विचारलं.

"मला तर बुवा काही ऐकू येत नाही. तुम्हा बायकांना चोवीस तास काहीतरी ऐकूच येतं."

सगळे हसले. खैरनारही हसले. ज्ञानेश्वरी हसली नाही. ती त्या वेळेला रोज शिवणक्लासला जायची, त्यामुळे रातकिड्याशी तिची गाठच पडली नव्हती.

मग तो बॉयलरला गरम पाणी पुरवणाऱ्या पंपाचा प्रकार झाला. सुपरवायझर म्हणाले, "दादा, जोडीचा पंप खोललेला आहे. हा बंद केला तर प्लांट उभा राहील. पण याचा आवाज मला बरोबर वाटत नाही."

खैरनारांनी सळई टेकवली. डोळे मिटले. कानात नुसती घरघर, दूर कुणी जातं फिरवतंय तशी. हात लावला, पंप नेहमीइतकाच गरम.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी दार लावलं, हेडफोन चढवला, पट्टी टोकाला नेली. आवाज इतका वाढवला की हेडफोन कानांवर थरथरला. घरघर आणि घरघरच. बिघडलेल्या बेअरिंगच्या किरकिरीचा मागमूस नाही. म्हणजे बेअरिंग शाबूत. बाहेर डक्टमध्ये सुलूवहिनींनी भांडं आपटलं आणि त्या कुणाला तरी म्हणाल्या, आज मेला जास्तच पेटलाय. खैरनारांच्या कानापर्यंत ते पोचलं नाही.

सकाळी त्यांनी निकाल दिला. "चालू द्या. चांगला आहे."

त्याच दुपारी बेअरिंग फुटलं, शाफ्ट हलला, सील सुटलं आणि उकळत्या पाण्याची पिचकारी शेजारी उभ्या मंगळ्याच्या मानेवर आणि उजव्या हातावर बसली. खैरनारांनी झेप घेऊन पंपाचं बटण दाबलं.

दवाखान्यात मंगळ्या उताणा पडला होता, मनगटापासून खांद्यापर्यंत पट्ट्यांनी पांढरा. त्याची बायको ठमी पायथ्याशी जमिनीवर बसलेली. खैरनार केळी घेऊन गेले. ठमीनं आपली पिशवी उचलून त्यांना स्टुलावर जागा केली.

"दादा, तू व्हतास म्हनून बरा," ती म्हणाली. "लगेच बटन दाबलास. नाय तं डोलं जातं याचं."

कंपनीतही तेच. भगवंतदादांनी चांगला सांगितलेला पंप फुटला, म्हणजे पंपच हलकट. एकानंही त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही. कुणी शिवी घातली असती तर खैरनारांना बरं वाटलं असतं. केळी स्टुलाखाली ठेवून ते उठले ते थेट घरी आले आणि तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. कुठंतरी असणार. आपण नीट ऐकलं नसणार. आवाज वाढवला. पुन्हा वाढवला.

खांद्यावर हात पडला तेव्हा ते दचकले. ज्ञानेश्वरी क्लासला गेलीच नव्हती, मंगळ्याला दवाखान्यात डबा न्यायचा म्हणून बाजार करून परत आली होती. तिचे ओठ हलत होते. त्यांनी हेडफोन गळ्यात घेतला.

"केव्हाची हाका मारतेय. आणि हे काय लावलंय? अख्खी बिल्डिंग शोधतेय तो हाच की."

"कोण?"

"रातकिडा. किर्र किर्र किर्र. जिन्यापर्यंत ऐकू येतंय." ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. हेडफोन त्यांच्या गळ्यात होता, जाळी तिच्या दिशेला, आणि त्यातला पंप अजून चालू होता. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुम्हाला... आत्ता हे येत नाहीये?"

खैरनारांनी हेडफोन काढून कानाशी धरला. दूर केला. पुन्हा धरला.

"कसलं येतं तुला?"

"दाताखाली वाळू आल्यासारखं. किती दिवस झाले हो?"

डक्टमधून सुलूवहिनींची हाक आली. "सापडला का गं, ज्ञानेश्वरी?"

ज्ञानेश्वरीनं नवऱ्याकडे पाहिलं. ती हाकही त्यांना आली नव्हती.

"सापडला," ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

सकाळी पाळीवर जाण्याआधी खैरनार दवाखान्यात गेले. रात्री वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"मंगळ्या, मला त्या पंपाचं काही ऐकूच आलं नव्हतं. कान गेलाय माझा. मी अंदाजानं सांगितलं."

मंगळ्यानं छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "मना आयकू येत व्हता. दोन दिस. किरकिर करी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू चांगला हाय बोललास ना. मंग मना वाटला, माजाच कान खोटा."

ठमी ओटीतलं काहीतरी निवडत होती. तिचा हात थांबला. "दादा, कवापासून म्हाइत हाय तुला?"

"थंडीपासून."

तिनं मान डोलावली, रिकामा तांब्या उचलला आणि पाण्याला गेली. केळी स्टुलाखाली तशीच होती.

"दादा," मंगळ्या म्हणाला, "गेल्या हप्त्यात त्या वरच्या ब्लोअरला बी तू चांगला बोललास. तो चालूच हाय. त्याच्याखाली जिवल्या उभा ऱ्हातो."

खैरनार दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच सुपरवायझरला फोन लावत होते. पलीकडे काय बोललं जातंय ते त्यांना अर्धंच कळत होतं, म्हणून ते एकटेच बोलत सुटले. "साहेब, वरचा ब्लोअर बंद करा. आत्ता. मी चांगला म्हटलं होतं ते खरं धरू नका. मला ऐकू येत नाही."

पलीकडून हसल्यासारखा काहीतरी आवाज आला. लोक दादांची थट्टा ओळखतात.

त्यांनी फोन खिशात टाकला, रिक्षा थांबवली. "कानवाले खैरनार ना?" रिक्षावाला आरशातून ओळखीचं हसला. खैरनारांना त्याचे नुसते ओठ दिसले. ते म्हणाले, "कंपनीत घे. लवकर."