अ‍ॅव्हरेज किती देते?

कोणतीही गाडी दिसली की माझे वडील पहिला प्रश्न एकच विचारतात: अ‍ॅव्हरेज किती देते? रंग, किंमत, मॉडेल वगैरे सगळं नंतर. माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांशी त्यांची गट्टी जमली तीसुद्धा सासऱ्यांच्या स्कूटरच्या अ‍ॅव्हरेजवरून. बसच्या डेपोत मेकॅनिक म्हणून अख्खी नोकरी काढलेला माणूस, तो दुसरं काय विचारणार!

गेल्या हिवाळ्यात ते तीन महिने आमच्याकडे आइंडहोव्हनला येऊन राहिले. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि नाशिकच्या घरात ते एकटे होते. व्हिसा मिळतो तीन महिन्यांचाच. तेवढ्या दिवसांत त्यांनी आपल्याशी थोडं मोकळं बोलावं, आपण त्यांच्याशी बोलावं, एवढंच मी मनाशी ठरवलं होतं. ठरवायला काय जातं.

मी नोकरीला नायमेखनला आहे. जायला एक तास, यायला एक तास, आणि हिवाळ्यात दोन्ही वेळा अंधार. बायको ट्रेनने त्याहून लांब, झुइडास नावाच्या ऑफिसांच्या वस्तीत नोकरीला जाते. ट्रेन वेळेवर असेल तर सातला घरी, नाहीतर देव जाणे. दहा वर्षांची मुलगी आजोबांचं मराठी सगळं समजते, पण उत्तर डचमध्ये देते. म्हणजे दिवसभर वडील खिडकीपाशी बसून पावसात सायकल मारणारी माणसं बघत आणि संध्याकाळी माझ्या गाडीचा आवाज आला की दाराशी येऊन उभे राहत. मी बूट काढेपर्यंत प्रश्न यायचाच.

"आज किती दिलं?"

आमची गाडी हायब्रिड, नऊ वर्षं जुनी. डिस्प्लेवर शंभर किलोमीटरला किती लिटर पेट्रोल लागलं ते दिसतं. वडिलांना हवं असायचं एका लिटरला किती किलोमीटर. म्हणजे रोज संध्याकाळी दारात, एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत, मी शंभराला कशाने तरी भागत उभा. सुरुवातीला मजा वाटली. नोव्हेंबरात एकोणीस, अठरा असे आकडे मी सांगत होतो आणि ते मान हलवून म्हणत होते, "उतरतंय." थंडीत उतरणारच. अशा गाडीचं इंजिन मधूनमधून बंद होऊन बॅटरीवर चालणं अपेक्षित असतं, पण बाहेर शून्याच्या आसपास असलं की ते गारठू नये म्हणून पुन्हा पुन्हा सुरू होतं. हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. त्यांना ते माझ्याआधीच कळलेलं होतं, असं आता वाटतं.

डिसेंबरात ऑफिसात एक मशीन बिघडलं आणि ते आमच्याच टीमच्या गळ्यात पडलं. सलग दोन आठवडे मी घरी यायचो तो नुसता जेवायला आणि झोपायला. अशाच एका संध्याकाळी दारात नेहमीचा प्रश्न आला आणि भागाकार करायचं माझ्या जिवावर आलं. डिस्प्लेवर जे होतं तेच सांगून टाकलं.

"सहा पॉइंट एक."

"सहा?" वडील म्हणाले. "अरे, सहा तर आमची बस द्यायची! पन्नास माणसं घेऊन!"

मी म्हणायला हवं होतं, बाबा, हे उलटं असतं, तुमच्या हिशेबात हे सोळा झाले. एका वाक्याचं काम होतं. मी "हं" म्हणालो आणि आत जाऊन आडवा झालो.

त्यानंतरचे दोन दिवस घरात काय चाललंय याची मला गंधवार्ता नव्हती. शनिवारी मी ऑफिसला गेलो होतो, बायकोच्या एका मैत्रिणीच्या गाडीतून लिफ्ट घेऊन. घरची गाडी दारातच होती. वडील नातीला घेऊन घरबांधणीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेले. तिथे डच बोलायला ती होती आणि काय हवं ते हातवारे करून सांगायला ते होते. पाण्याच्या पाइपांना थंडी लागू नये म्हणून चढवतात त्या काळ्या फोमच्या नळ्या त्यांनी आणल्या, लांबीत चिरल्या, आणि गाडीच्या तोंडाला ज्या आडव्या पट्ट्या असतात, जिथून वारा आत जातो, त्या एकेका पट्टीवर एकेक नळी बसवली. वर प्लास्टिकचे बंध आवळले. डेपोत पहाटेच्या फेरीला ते रेडिएटरसमोर गोणपाट बांधायचे, निफाडच्या थंडीत. तेच काम, फक्त गोणपाट नव्हतं.

मला हे दिसलं सोमवारी सकाळी. मला उशीर झालेला, काचेवरचा बर्फ खरवडतोय, आणि गाडीचं तोंड काळ्या फोमने बंद. वडील माझ्यामागोमाग स्वेटर घालून बाहेर आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर, खरं सांगतो, कितीतरी दिवसांत दिसला नव्हता तसा उत्साह होता.

"इंजिनला वारा लागतोय रे सारखा. तापूच देत नाही. आता बघ."

मी बघितलं नाही. मी फोम ओढायला गेलो, तर बंध इतके पक्के की नुसत्या हाताने निघेनात. मग जे तोंडात आलं ते बोललो. "बाबा, ही डेपोतली बस नाही. ही कॉम्प्युटरवर चालते. काही झालं तर इथे कोण निस्तरणार? आणि रोज रोज अ‍ॅव्हरेज, अ‍ॅव्हरेज! मला दुसरे उद्योग नाहीत का?"

"बरं," ते म्हणाले, आणि आत गेले.

मी तसाच निघालो. हायवेवर सगळा वेळ इंजिनच्या तापमानावर नजर. ते वाढलं नाही, जिथे असायला हवं तिथे येऊन थांबलं, आणि रोजच्यापेक्षा लवकर थांबलं. वाटेतल्या ओस गावाच्या पुढे तर इंजिन चक्क बंद होऊन गाडी बॅटरीवर जात होती, जी गोष्ट मी महिनाभर पाहिली नव्हती. पार्किंगमध्ये आकडा पाहिला: साडेपाच. म्हणजे अठराच्या वर. परतीच्या वाटेवर मी वाक्यसुद्धा तयार केलं होतं. बाबांनी विचारलं की सांगायचं.

बाबा दारात आले. माझ्या हातातून डबा घेतला. म्हणाले, "चहा टाकू?"

विचारलं नाही त्यांनी. दुसऱ्या दिवशीही नाही. मला आपणहून सांगता आलं असतं, कुणी तोंड धरलं नव्हतं. पण मीही त्यांचाच मुलगा. शिवाय दमलेला. दमल्याचं एक बरं असतं, कुठल्याही गोष्टीची सबब म्हणून ते चालतं. जानेवारी असाच गेला. ते पेपर मोबाइलवर वाचायचे, नात डचमध्ये काही सांगायची त्याला मराठीत उत्तर द्यायचे, आणि मी आलो की चहा टाकायचे. आमच्या दोघांत बोलायला तो एकच विषय होता, आणि मी तो बंद करून टाकला होता, हे मला रोज दारात कळत होतं आणि रोज मी बूट काढून आत जात होतो.

विमानतळावर आत जाताना ते थांबले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. म्हणाले, "थंडी गेली की तो फोम काढ बरं का. विसरलास तर इंजिन तापेल."

एप्रिलमध्ये एका रविवारी दुपारी मी कटर घेऊन गाडीपुढे उकिडवा बसलो. बंध कापले, एकेक नळी सोडवली. प्रत्येक नळीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने, डेपोत सुट्या भागांवर लिहायचे तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: वरची पहिली. वरची दुसरी. खालची, डावीकडून. शेवटच्या नळीवर जागा जास्त होती. तिच्यावर होतं: नोव्हेंबरात परत लावणे. घाई करू नये.

मी तिथेच फरशीवर बसलो. समोरून सायकलवरून जाणाऱ्या शेजारणीने हात केला, मीही केला. मग गाडीत जाऊन बसलो आणि मालक झाल्यापासून पहिल्यांदा डिस्प्लेची सेटिंग उघडून पाहिली. एका लिटरला किती किलोमीटर, हा पर्याय तिथे होता. तो निवडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. महिना-दीड महिना मी दारात भागाकार करत होतो आणि भागाकाराचा कंटाळा येऊन त्यांच्यावर ओरडलो होतो. इंजिनिअर म्हणवतो स्वतःला.

गाडीतूनच फोन लावला. नाशिकला संध्याकाळ झाली होती.

"बाबा, बावीस दिलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ते म्हणाले, "फोम काढलास?"

"आत्ताच काढला. बाबा, ते डिसेंबरात मी सहा सांगितलं होतं ना, ते सहा नव्हतं. इथे उलटं मोजतात. ते सोळा होतं. मी दमलो होतो, सांगायचं राहिलं."

"अरे, सहा देणारी गाडी मला नुसत्या आवाजावरून कळते," वडील म्हणाले. "दुसऱ्या दिवशीच लक्षात आलं होतं माझ्या."

"मग फोम कशाला लावलात?"

"तू रोज येऊन भिंतीकडे तोंड करून झोपत होतास," ते म्हणाले. "मला तुझं काही करता येईना. गाडीचं येत होतं."

पलीकडून गॅस बारीक केल्याचा आवाज आला, आणि मग त्यांनी विचारलं, "बावीस म्हणजे हायवेवर, का गावात?"