आढीतली ऊब

गवताच्या आढीत पिकू घातलेल्या हापूसचा तो मंद, मधुर, किंचित उष्ण दरवळ! रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात वैशाखभर तो भिंतींतही मुरलेला असतो. आमच्या यांना आंबा बघावाही लागत नाही. गवतात नुसता हात घातला की आतली ऊब कळते. थरावर थर चढवत गेलं तर आंबे पिकायच्या ऐवजी आतल्या आत उकडतात. म्हणून आढी विरळ रचायची, तिला वारा लागू द्यायचा, ही यांची विद्या.

आणि हेच गृहस्थ स्वतःच्या पोटावर मात्र वर्षानुवर्षं थर चढवत बसले होते! खात्यापित्या घरचं लक्षण म्हणून त्या पोटाचं कौतुक, खोटं कशाला बोलू, मलाही होतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. रक्तातली साखर वाढली, पायाची जखम काही केल्या भरेना, अंगठा गमवावा लागेल अशी डॉक्टरांनी धास्ती घातली. तरी यांचं आपलं एकच, "आंबेवाल्यानं आंबा सोडायचा होय? कायतरीच!"

तेव्हा आमची लेक, नुकतीच डॉक्टर होऊन आलेली, बापाला घेऊन आढीपाशीच बसली. "बाबा, पोटातली चरबी गप्प पडून राहत नाही, ती धुमसते. शरीराच्या रक्षक पेशी तिथे गोळा होतात, त्यांच्या रसायनांनी सगळ्या अंगात मंद दाह पसरतो. मग इन्सुलिन साखर आत घ्या म्हणून सांगतं, पण पेशी दाद देत नाहीत." गवतात घालतात तसा हात यांनी हळूच पोटावर ठेवला. "म्हणजे आढी उकडलीय म्हण की!" एवढंच बोलले. ज्ञान आपल्या ओळखीच्या वाटेनं आलं म्हणजे माणूस त्याला दार उघडतोच, नाही का?

आधी औषधपाण्यानं जखम भरली. मग पहाटे कातळावरून चालणं आलं, ताटातला भाताचा डोंगर खचला, पोटाचे थर एकेक करून उतरले. गोळ्या सुटल्या नाहीत, पण साखर ताळ्यावर आली.

पुढच्या वैशाखात पहिली आढी उघडली, तोच दरवळ पुन्हा घरभर झाला. यांनी आंबा कापला, एक फोड तोंडात टाकली आणि बाकीचा लेकीपुढे सरकवला. बाठासुद्धा! संध्याकाळी बागेतून येऊन पायरीवर ते पाय धुवायला बसले, तशी मी तांब्या घेऊन गेले आणि पाणी घालताना त्यांची बोटं मोजली. दहाच्या दहा होती.