मागून घेतलेला दिवस

तिवस्याचा खुशालराव सुतार हाताचा कसबी आणि तोंडाचा फटकळ. "पानी!" म्हटलं की पाणी यावं, "जेवाले!" म्हटलं की ताट यावं, अशी त्याची तऱ्हा. कोणाला विचारायचं, विनवायचं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. बायको लीलाबाईनं बरीच वर्षं सोसलं, मग लेकीला, शकुनला, घेऊन ती अकोल्याला माहेरी गेली आणि तिथं शाळेत शिकवू लागली. १९६१ साली अमरावतीच्या कोर्टानं दोघांना वेगळं केलं. पोरगी आईकडे, बापाला वर्षातले मोजके दिवस. कोणते हवेत, असं वकिलानं विचारलं तेव्हा हा गडी ठसक्यात म्हणाला, "दिवाळी, आन् पोळा! सकायपासून दिवेलागनीलोक." तेच कागदावर आलं.

आता या माझ्या शेजाऱ्याला काय म्हणावं! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघर जातात, खाऊ मिळवतात. अख्ख्या गावाचे ते बैल खुशालरावच करायचा. पोळ्याच्या दिवशी त्याच्या दारात ही गर्दी, डोकं खाजवायला वेळ नाही. यानं नेमका तोच दिवस लेकीसाठी निवडला, कारण त्याच्या लेखी वर्षातला सगळ्यात थोर दिवस तोच!

पोळ्याला सकाळी लीलाबाईनं शकुनला आणून सोडलं आणि ती गावातल्याच मावशीकडे थांबली. शकुन दिवसभर भुशात बसून बैलांची शिंगं रंगवत होती. गालांना, फ्रॉकला, सगळीकडे लाल रंग. गिऱ्हाइकं सरल्यावर खुशालरावानं तिच्यासाठी लपवून ठेवलेला सागवानी बैल काढला. शकुन नाचलीच. मग म्हणाली, "पन बाबा, उद्या तं मी अकोल्याले जाईन. याले ओढीन कोठी?"

आपण दिवसच चुकीचा मागितला, हे खुशालरावाच्या आत्ता ध्यानात आलं. मला त्याची कीवही आली आणि हसूही. म्हटलं, "लीलाबाईले इचार ना."

"मी? इचारू?" जणू मी त्याला विहिरीत उडी मारायला सांगत होतो.

दिवे लागले. लीलाबाई दारात आली. खुशालराव हातात रंधा तसाच धरून उभा. अडखळत म्हणाला, "लीला, पोरगीले उद्याचा दिवस राहू देशीन का? तुह्या पाया पडतो."

लीलाबाईनं पिशवीतून शकुनचा धुतलेला फ्रॉक काढला आणि खुंटीला लावला. "कोर्टात तुमी दिवस सांगतला तवाच मले समजलं, तुमी चुकले मून. कवा इचारता, याचीच वाट पाहून राहिली होती."

दुसऱ्या दिवशी शकुनचा बैल सगळ्यांच्या पुढं होता आणि बाप पोरांपेक्षा मोठ्यानं ओरडत मागं.

पुढं वकील म्हणाला, कागदात पोळ्याचे दोन्ही दिवस लिहून घेऊ. लीलाबाई साफ नाही म्हणाली. "लिवलं तं हे इचारनं सोडून देतीन."

शकुन मोठी होईपर्यंत कागदावर पोळ्याचा एकच दिवस राहिला. दुसरा खुशालरावानं दर पोळ्याला, तितकंच अडखळत, मागून घेतला.