फोटोतली आठवी

“मी नाही पुसलं. फोननं पुसलं.”

“फोन आपणहून कुणाला पुसत नाही, ताई. ज्याला पुसायचं त्याच्याभोवती बोटानं गोल करावा लागतो.”

“मग मागची गर्दी पुसताना झाला असेल चुकून. केवढी माणसं होती मागे.”

“मी मागे नव्हते. तुमच्या शेजारी होते.”

चीनमधल्या हुआंगशान डोंगरावर, खाली नेणाऱ्या रोपवेच्या प्रतीक्षागृहात थाओताई आणि गुइफेन यांचं हे चाललं होतं. बाकावर सहा जणी फोनमध्ये डोकं घालून सगळं ऐकत होत्या.

थाओ रुईजेन ही वूहूच्या कापड गिरणीतली विणकाम खात्याची मुकादमीण. गिरणी बंद पडली. मुकादमी चालू राहिली. निवृत्तीनंतर तिनं खात्यातल्या मैत्रिणींना गोळा करून दर वसंतात एक डोंगर चढायची प्रथा पाडली. चढायचा म्हणजे रोपवेनं. गुडघ्यांनाही मन असतं.

पाङ गुइफेन त्याच गिरणीच्या खानावळीत वाढायला होती. खानावळीतल्या बायकांचा हात कसा थरथरतो ते सगळेच जाणतात: डावभर मांस निघतं, थाळीपर्यंत येईतो निम्मं पातेल्यात परत. विणकामाच्या बायका समोर आल्या की मात्र गुइफेनचा हात दगडासारखा स्थिर. त्याची जाण ठेवून थाओताईनं तिला कंपूत घेतलं. मैत्रीण म्हणूनच. चहात उकडलेली अंडी तीच आणते हा योगायोग. फोटो तीच काढते हा दुसरा. त्यामुळे इतके डोंगर पालथे घालूनही ती एकाही फोटोत नव्हती.

यंदा तिला फोटोत यायचं होतं. एवढंच. आणि डोंगरावर आलोच आहोत तर पायऱ्या चढून जायचं, असंही तिनं ठरवलं. “चालतेच आहेस तर,” म्हणून बाकीच्यांनी आपापल्या पिशव्या तिच्या खांद्यावर लटकवल्या. रोपवेच्या पाळण्यात जागा ती असते केवढी.

वर तिथल्या प्रसिद्ध पाईनच्या झाडापुढे रांग लावून मैत्रिणी उभ्या होत्या. त्यांचा नंबर लागला नि गुइफेन धापा टाकत पोचली. नेहमीसारखा थाओताईचा फोन तिच्या हातात आला. तिनं तो रांगेतल्या एका अनोळखी मुलीला दिला आणि थाओताईला खेटून उभी राहिली. सात जणींच्या गळ्यात लाल रेशमी स्कार्फ होते. स्कार्फ सातांच्याच संचात मिळतात. थाओताई तरी काय करणार.

प्रतीक्षागृहात बसल्या बसल्या थाओताईनं फोटोत स्वतःची हनुवटी निमुळती केली, इतरांच्या देवानं दिल्या तशा ठेवल्या, आणि फोटो गिरणीच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. वाहवा सुरू झाली. गुइफेननं पाहिलं, तर तिच्या जागी पाईनला एक नवी फांदी फुटली होती.

“जाऊ दे गं गुइफेन,” शूयिंग म्हणाली. ही नेहमी मधे पडते आणि कुणाचीच बाजू घेत नाही. “माझी हनुवटी बघ. निदान तू सुटलीस.”

“मूळ फोटो टाका, ताई.”

“त्यात माझे डोळे मिटलेत.”

“मिटू देत.”

“आणि तुझा तो अवतार? घामानं थबथबलेली, गळ्यात ढीगभर पिशव्या. लोक म्हणतील, हमाल कशाला मधे उभा केलाय.”

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्याचं निमित्त केलं.

“म्हणजे गोल चुकून नाही झाला,” गुइफेन म्हणाली.

थाओताईनं स्कार्फ सारखा केला. “अगं, फोटो चांगला दिसावा म्हणून. त्यात एवढं काय? पुढच्या वर्षी तुला एकटीलाच काढते, अख्ख्या झाडासकट. मग तर झालं? चल, अंडी काढ आता. सगळ्यांना भूक लागलीय.”

गुइफेननं एकेक पिशवी खांद्यावरून उतरवली आणि जिची तिच्यापुढे ठेवली. शूयिंगची शूयिंगपुढे, थाओताईची थाओताईच्या मांडीवर. मग स्वतःच्या पिशवीतून एक अंडं काढलं, बाकाच्या कडेवर टिचकवलं आणि सावकाश सोलून खाल्लं. बाकीची पिशवीतच राहिली. पिशवीची गाठ तिनं पुन्हा घट्ट बांधली.

“अगं, निघालीस कुठे? पाळणा इकडून आहे,” थाओताई म्हणाली. “गुइफेन, तिकडे पायऱ्या आहेत. आणि अंडी? ती तरी ठेवून जा. गुइफेन?”

पायऱ्यांकडचं दार ढकलून गुइफेन बाहेर पडली.