छापलेलं कुंकू

ती कुंकवाची रेघ आजही माझ्या डोळ्यांपुढे जशीच्या तशी आहे. खून, दरोडे, बांधावरच्या हाणामाऱ्या असं पुष्कळ काही नोकरीत पाहिलं. पण एखादं जुनं प्रकरण सांगा असं कोणी म्हणालं, की मला आधी ती रेघ आठवते आणि हसू येतं. नावं मात्र मी कोणाचीच सांगणार नाही. त्यातली बहुतेक मंडळी अजून परभणी जिल्ह्यातच आहेत. बाजारात भेटली की विचारपूस करतात, आणि आरोपी तर हात धरून चहाला नेतो.

तेव्हा मी पूर्णा नदीच्या पट्ट्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी हजेरी झाली की बीटवरचे जमादार गावोगावच्या खबरा सांगायचे. कुणाची मोटारसायकल गेली, कुणाच्या विहिरीवरची मोटर गेली, कुणाची पोरगी कुणाबरोबर गेली. शेअर आणि भांडवल हे शब्द आमच्या स्टेशन डायरीत त्याआधी कधी आले असतील असं मला वाटत नाही. मलाही त्यातलं फारसं कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची गरज कधी पडली नव्हती.

आमच्या हद्दीत तूर पिकवणाऱ्या बायकांनी मिळून एक कंपनी काढली होती. रीतसर नोंदणी झालेली. ज्याची शेती असेल त्याला शेअर मिळायचा, मग बाई असो की बाप्या. जमलेल्या भांडवलातून डाळमिल उभी करायची, तूर तशीच विकण्याऐवजी डाळ करून विकायची आणि नफा झाला तर ज्याचा जेवढा वाटा त्याला तेवढा द्यायचा, असा सरळ हिशेब. मिलच्या भिंती छतापर्यंत आल्या होत्या. मशीनसाठी पैसे कमी पडत होते, म्हणून शेअरची दुसरी विक्री सुरू होती.

कंपनीच्या अध्यक्षबाई पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ आणि बोलायला ठणठणीत. शेअरचं प्रमाणपत्र देण्याची त्यांची एक रीत होती. कागद सभासदाच्या हातात द्यायचा, पण सोडण्याआधी वरच्या कोपऱ्यात हळद-कुंकवाचं बोट लावायचं. आपल्याकडे नवा ट्रॅक्टर दारात आला तरी त्याला कुंकू लागतंच. गावोगावी कंपनीच्या कागदाची ओळखच ती झाली होती. लोक तो देवघरात ठेवायचे, काहींनी फ्रेम करून भिंतीवर लावला होता.

एके दिवशी हजेरी चालू असतानाच ठाण्यापुढे गर्दी जमली. काही ताडकळसकडचे, काही चुडाव्याकडचे. प्रत्येकाच्या हातात शेअरचा कागद. तक्रार अशी की कंपनीच्या एजंटाकडून रोख पैसे देऊन शेअर घेतले, आणि आता मिलवर जाऊन विचारलं तर सभासदांत त्यांचं नावच नाही. कागदावर सही अध्यक्षबाईंची, शिक्का कंपनीचा, कोपऱ्यात कुंकू. तेव्हा अध्यक्षबाईंनीच चोरून शेअर विकले आणि पैसे खाल्ले, त्यांच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल करून आजच्या आज अटक करा, असा लेखी अर्ज त्यांनी माझ्यापुढे ठेवला. पुढारीपण करणारे दोघे तर जीप काढा म्हणून मागेच लागले.

मी अध्यक्षबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी कागद उलटेसुलटे करून पाहिले.

"सही माझी हाय, शिक्का बी आमचाच हाय," त्या म्हणाल्या. "पण ह्या माणसांला मी कागद दिलेला न्हाई. अन् आमचा एजंट कुणीच न्हाई."

गर्दीतून कुत्सित हसण्याचा आवाज आला. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्या मला म्हणाल्या, "मला आत टाकायचं आसंल तर टाका, साहेब. पण मिलचं काम थांबू देऊ नका. बातमी कळल्यापासून आमच्या बाया पैसे वापस मागायल्यात. एकदा का मागं फिरल्या, तर परत कोन्त्याच कामाला एक हुणार न्हाईत."

मला बाईंची कीव आली. पण वीस जणांना बुडवून माझ्यासमोर डोळे पुसणारे लोकही मी पाहिलेले होते, आणि कागद बाईंच्या विरुद्ध बोलत होते. सही त्यांची आहे हे त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं. मी अर्ज दाखल करून घेतला, डायरीला नोंद केली आणि प्राथमिक चौकशीसाठी थोडी सवड द्या म्हणून लोकांना सांगितलं. लोक कुरकुरत झाडाखाली जाऊन बसले. उठून घरी मात्र कोणीच गेलं नाही.

दुपारी एक निवृत्त शिक्षक आले. जय भीम घालून समोर बसले आणि घामाने ओला झालेला रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला. त्यांच्याकडेही तसाच कागद होता. ते परगावी गेले असताना एजंट घरी येऊन त्यांच्या पत्नीकडून पैसे घेऊन गेला होता. मला वाटलं, अर्जावर आणखी एक सही वाढली. पण सर अर्ज द्यायला आलेच नव्हते.

"ह्या कागदावर कुंकू कसं काय, साहेब?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कुंकू तर सगळ्यांच्याच कागदावर असतं.

"आमच्याकडं नसतं. माझ्या भावजयीला अध्यक्षबाईंनी शेअर दिला तवा मी तिथंच बसलेलो होतो. बाईंनी आधी विचारलं, मग ताट बाजूला सारलं अन् कागदावर मोगऱ्याचं फूल ठेवून दिला. आमच्या वस्तीतल्या सगळ्यांला तसाच दिला. ज्या बाईनं एवढं जपलं, ती माझ्या एकट्याच्या कागदाला कुंकू लावंल का?"

मी सरांचा कागद टेबलावर ठेवला आणि अर्जासोबत आलेले कागद त्याच्या शेजारी ओळीने मांडले. सगळ्यांवर कुंकू एकाच जागी. एवढंच नाही, तर प्रत्येक बोटाला उजवीकडे एक बारीक रेघ ओढली गेलेली, उंदराच्या शेपटीसारखी. बाईंचं बोट कितीही सरावाचं असलं तरी इतक्या कागदांवर तीच शेपटी कशी काढेल? मी बोट ओलं करून कुंकवावर घासलं. बोटाला लाल रंग जरासुद्धा लागला नाही.

आमचे जमादार माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, कुंकू छापलेलं हाय."

त्या क्षणी मला झालेला आनंद मी लपवणार नाही. एका चांगल्या बाईला अटक करण्याची पाळी टळली होती. सरांना मी दारापर्यंत सोडायला गेलो, जे मी आमदारांच्या माणसांसाठीसुद्धा क्वचितच करत असे.

आता एवढं स्पष्ट झालं होतं की कोणीतरी एका खऱ्या प्रमाणपत्राच्या रंगीत प्रती काढून, नाव बदलून विकल्या होत्या. राहिला एजंट. लोकांनी सांगितलेली वर्णनं एकमेकांशी जुळत नव्हती. कुणी म्हणे उंच, कुणी म्हणे बुटका. पण माणूस लय गोड बोलतो, यावर सगळ्यांचं एकमत होतं. जमादारांनी तेवढ्यावरून ओळखला. शेळ्यांचा विमा, फ्लॅटचं बुकिंग, पाण्याची मशीन, भिशी असं सगळं मोटारसायकलवरून विकणारा एक गृहस्थ त्यांच्या बीटमध्ये होता. त्या दिवशी आठवडी बाजार होता; तिथे तो हमखास सापडेल असं ते म्हणाले, आणि सापडलाही. चहाच्या टपरीवर चार माणसं गोळा करून त्यांना देशाची प्रगती कशी होते ते समजावून सांगत होता. चौकशीला चला म्हटल्यावर लगेच उठला. टपरीवाल्याचे पैसे देऊन आला, हे विशेष.

चौकशीच्या बाबतीत माझा अनुभव असा, की चोर समोर बसला की मुका होतो आणि ठग बसला की त्याला वाचा फुटते. चोराला बोलतं करावं लागतं. ठगाला फक्त अडवायचं नाही. मी चहा मागवला आणि म्हटलं, मला शेअरमधलं काही कळत नाही, जरा समजावून सांगा.

त्याने जे समजावलं त्याला तोड नाही. घराघरांतल्या डब्यात पैसा पडून असतो आणि डब्यातला पैसा कुणाच्याच कामाचा नसतो, तो म्हणाला. एकट्याने मिल होत नाही, सावकाराच्या पैशाने झाली तर ती सावकाराची होते, पण पुष्कळ जणांनी थोडं थोडं घातलं तर मिल सगळ्यांची होते. मुंबईच्या मोठ्या बाजारात हेच चालतं. माणूस परभणीत झोपलेला असतो आणि त्याचा पैसा कुठल्या तरी दूरच्या गावात मशीन फिरवत असतो. गरीब देशाला पुढे जायचं तर असा बाजार पाहिजेच. बोलताना त्याचे डोळे चमकत होते. अजून थोडा वेळ बोलला असता तर मीच खिशात हात घातला असता.

"हे सगळं पटलं," मी म्हणालो. "पण तुमचा स्वतःचा विश्वास आहे का यावर? की नुसतं दुसऱ्याला सांगता? स्वतः एक तरी शेअर घेतलाय?"

त्याला ते फार लागलं. "म्हंजे काय, साहेब? मी पहिल्या दिवसाचा सभासद हाय." त्याने पिशवीतून लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र काढलं आणि ऐटीत माझ्यापुढे ठेवलं. गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून तो ते कायम जवळ बाळगायचा. प्लास्टिकच्या आत, वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट होतं आणि त्याला उजवीकडे बारीक शेपटी.

मी ड्रॉवरमधून अर्जासोबतचे कागद काढले आणि एकेक करून त्याच्या कागदाशेजारी ठेवत गेलो. तो बघत राहिला. सगळे ठेवून झाल्यावर म्हणाला, "साहेब, अजून एक कप चहा भेटंल का?"

चहा पिता पिता त्याने सगळं कबूल केलं. मी विचारलं, शिक्का-सही ठीक आहे, पण कुंकू कशाला छापलंस?

"पहिल्यांदा कुंकू खोडूनच छापले व्हते," तो म्हणाला. "कुणी हातात बी धरंना. बाया म्हणायल्या, बाईचं बोट कुठाय?"

"मग आपल्या हाताने लावायचं."

"रोज बोटं लाल करून घरी गेलो असतो, तर बायको काय म्हणली असती?"

जमादार तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागले. मीसुद्धा पेपर वर धरला.

पंचांसमक्ष कागद जप्त करताना अध्यक्षबाईंना बोलावलं. त्यांनी लॅमिनेशन उजेडात धरलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "ह्यांनीच वढला व्हता कागद. बस गाठायची हाय म्हणले. मी म्हणलं, दादा, जरा दम धरा, माझं बोट अजून कागदावरच हाय." मग त्या खुर्चीवर बसल्या, पदराने तोंड झाकलं आणि बराच वेळ रडल्या. बाहेर झाडाखाली बसलेल्यांतल्या दोन बायका आपणहून आत आल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. सकाळी अटक करा म्हणणाऱ्यांत त्या दोघीही होत्या.

पैशाचा तपास सोपा निघाला. भांडवली बाजाराचे गोडवे गाणाऱ्या त्या गृहस्थाने सगळी रक्कम बँकेत मुदत ठेवीत टाकली होती. का, असं विचारल्यावर म्हणाला, "शेअरमधी जोखीम असती, साहेब." ठेव गोठवली, दोषारोपपत्र पाठवलं, आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने पैसे ज्याचे त्याला मिळाले. त्याला शिक्षा झाली, ती त्याने भोगली.

खरी गोष्ट त्यानंतर घडली. पैसे परत मिळालेल्यांना अध्यक्षबाईंनी मिलवर सभेला बोलावलं. बंदोबस्ताच्या निमित्ताने मीही गेलो. बाई एवढंच म्हणाल्या, की तुमचा पैसा तुमच्या हातात आला, आता घरी न्यायचा की इथं ठेवायचा हे तुमचं तुम्ही ठरवा, कुणावर जबरदस्ती नाही. मग निवृत्त शिक्षक उठले आणि टेबलापाशी गेले. त्यांच्यामागे ताडकळसकडच्या बायका उठल्या. बघता बघता दारापर्यंत रांग लागली. काही जण पैसे घेऊन गेलेही, त्यांना कोणी नावं ठेवली नाहीत. सरांच्या कागदावर बाईंनी मोगऱ्याचं फूल ठेवलं. पुढच्या हंगामात मिल सुरू झाली.

अर्थशास्त्र मी शिकलेलो नाही. पण त्या ठगाने मला चहावर जे शिकवलं ते खोटं नव्हतं, फक्त सांगणारा खोटा होता. कधी न पाहिलेल्या माणसाच्या धंद्यात आपण पैसा घालतो तो एका कागदाच्या, आता तर मोबाइलवरच्या आकड्याच्या भरवशावर. तो भरवसा शाबूत असला की डब्यातला पैसा बाहेर येतो आणि गावात मिल उभी राहते. तो गेला की पैसा पुन्हा डब्यात. मोठ्या बाजारात तो राखायला कायदे आहेत, नियामक आहेत. आमच्या हद्दीत त्या दिवशी ते काम ठाण्याच्या वाट्याला आलं, आणि ते करायला मिळालं याचा मला आजही अभिमान वाटतो.

निवृत्तीनंतर मी वडिलोपार्जित शेतात तूर लावली. पहिलं पीक निघालं तसा मिलवर गेलो आणि शेअर मागितला. अध्यक्षबाई आता थकल्या आहेत, चष्मा लागला आहे. त्यांनी ताट जवळ ओढलं, कागद माझ्या हातात दिला आणि कुंकवात बोट बुडवता बुडवता म्हणाल्या, "घाई न्हाई नं, साहेब?"

मी म्हटलं, "मुळीच नाही." आणि त्यांचं बोट पुरतं उचललं जाईपर्यंत मी तो कागद दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिलो.